डिपेंड ऑन वॉशिंग मशीन

माणसाने स्वतःच्या मेहुण्याला 'साहेब' म्हणावं की म्हणू नये, या प्रश्नाला जगातल्या एकाही विचारवंताने हात घातलेला नाही. माझ्यावर मात्र तो ऐन चहाच्या सुट्टीत, एका परिपत्रकाच्या रूपाने येऊन कोसळला.

आमचं ऑफिस वजनमापं तपासतं. दुकानदाराचा किलो खरोखरच किलो आहे ना, पंपावरचा लिटर लिटराएवढा आहे ना, हे बघायचं आणि नसेल तर डोळे वटारायचे. आयुष्यभर तराजू तपासल्यामुळे माझ्या वागण्यातही एक तोल आला आहे, असं मी समजत होतो. परिपत्रकात लिहिलं होतं की कक्षप्रमुखाची रिकामी झालेली जागा या वेळी ज्येष्ठतेने न भरता इंग्रजीच्या परीक्षेने भरण्यात येईल. ज्याला गुण जास्त, त्याची खुर्ची. माझा तोल तिथेच गेला, आणि हातातला चहा परिपत्रकावर सांडला. शिपायाने ते दोरीवर वाळत घालून पुन्हा फलकावर लावलं. माझी नाराजी डागाच्या रूपाने आजही तिथे दिसते.

ज्येष्ठतेत माझ्यापुढे फक्त भिंतीवरचं घड्याळ होतं. परीक्षेला बसण्याच्या अटी मात्र अशा काही जुळून आल्या होत्या की अख्ख्या ऑफिसात दोनच माणसं पात्र ठरत होती. एक मी. दुसरा पिंट्या.

पिंट्या म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. पस्तिशी ओलांडली, दोन मुलांचा बाप झाला, तरी तो पिंट्याच. आमच्या लग्नात तो शाळकरी पोरगा होता, आणि मी मांडवात शिरलो तेव्हा खुर्चीवर पाय हलवत बसला होता. माझ्या होणाऱ्या बायकोने त्याचा कान धरून सांगितलं, "भावोजी आले की उठून उभं राहायचं." ते त्याने इतकं मनावर घेतलं की आजतागायत मी खोलीत शिरलो की तो उठतो. जेवत असला तर ताटासकट उठतो. ऑफिसात त्याचं टेबल माझ्या आणि पाण्याच्या पिंपाच्या मधे आहे, त्यामुळे मला तहान लागली की तो जाताना एकदा उठतो आणि येताना एकदा. लोक हसतात. मला हे अजिबात आवडत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो, आणि उन्हाळ्यात जरा जास्त पाणी पितो.

आता हाच पिंट्या कक्षप्रमुख झाला, तर तो केबिनमध्ये बसणार आणि मी फाईल घेऊन त्याच्यापुढे उभा राहणार. म्हणजे इतक्या वर्षांचं सगळं उठणं एका झटक्यात वसूल.

घरी आलो आणि बायकोला बातमी दिली. तिला आनंद झाला. "बरंच झालं की," ती म्हणाली. "कुणालाही मिळाली तरी घरातच राहणार."

"घरात नाही. एक तर या घरात, नाही तर त्या घरात."

"मग पिंट्याला म्हणावं, इथेच ये अभ्यासाला. एका चहात दोघांचा अभ्यास होईल."

निष्पक्षपणा असा असतो. पंचाने खेळाडूला घरी जेवायला बोलवायचं आणि दुसऱ्या खेळाडूने ताट वाढायचं.

आता इंग्रजी मला येत नाही असं नाही. तराजू बनवणाऱ्या कारखान्यांना मी वर्षानुवर्षं इंग्रजीत पत्रं लिहीत आलो आहे. आधीचं पत्र समोर ठेवायचं, तारीख बदलायची, सही करायची. प्रश्नपत्रिकेचा नमुना पाहिला तर उतारा ठीक होता, पत्रलेखनात तर मी मुरलेला. पण शेवटच्या भागापाशी मी अडलो. गाळलेल्या जागा भरा. क्रियापद त्यांनी द्यायचं, त्याच्यामागचं प्रिपोझिशन आपण लावायचं. डिपेंड असेल तर ऑन, कन्सिस्ट असेल तर ऑफ, बिलीव्ह असेल तर इन. का, ते विचारायचं नाही. अप्लायच्या मागे टू लावला तर माणसाकडे अर्ज जातो, फॉर लावला तर नोकरीसाठी जातो, आणि डिस्कसच्या मागे काहीच लावायचं नाही, लावलं तर गुण कापतात. वीस वर्षं मी सगळ्या कारखान्यांशी 'डिस्कस अबाउट' करत होतो आणि एकानेही तक्रार केली नव्हती. बहुधा तेही आधीचं पत्र बघूनच उत्तर देत असावेत.

मी थेट खालच्या मजल्यावर गेलो. तिथे निवृत्त हेडमास्तर राहतात. सगळी इमारत त्यांना गुरुजी म्हणते.

"गुरुजी, याचा नियम काय?"

"नियम नाही."

"असं कसं? इतकी शिस्तीची भाषा."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसायला लागले की समोरच्याचं काही खरं नसतं. "तू बायकोवर रागावतोस," ते म्हणाले. "बायकोशी भांडतोस. आणि बायकोला घाबरतोस. हे वर, शी आणि ला तुला कुठल्या नियमाने कळले?"

"अनुभवाने."

"मग तिकडेही तसंच. पाठ कर."

पाठ करायचं म्हणजे कसं, हा पुढचा प्रश्न. या वयात माझ्या लक्षात काही राहत नाही. चष्मा कपाळावर ठेवून मी चष्मा शोधतो. पण त्याच दिवशी जिना चढता चढता माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, 'स-ला-ते, स-ला-ना-ते, ने-ए-शी, नी-ही-शी...' आणि मी मधल्या पायरीवर थबकलो. चौथीत पाठ केलेल्या विभक्ती एका काना-मात्रेचा फरक न पडता अजून शाबूत होत्या. भाजी काय आणायची ते विसरणारा माणूस सप्तमीपर्यंत न अडखळता गेला. का? तर ताल. आम्हाला व्याकरण कुणी शिकवलंच नाही, छडीच्या ठेक्यावर अंगात मुरवलं. मला इतका आनंद झाला की उरलेला जिना मी पळत चढलो आणि वर जाऊन बराच वेळ धापा टाकत नुसतं बोट वर करून उभा राहिलो. बायकोला वाटलं छातीत कळ आली. ती पाणी आणायला धावली, आणि तेवढ्यात तो आवाज माझ्या कानावर पडला.

ढग-ढग-धाड. ढग-ढग-धाड.

आमचं वॉशिंग मशीन. त्याचा एक पाय तोकडा आहे. कपडे पिळायला लागलं की ते डुगडुगतं आणि दर तिसऱ्या ठेक्याला भिंतीवर आपटतं. इतकी वर्षं मी त्या आवाजाला शिव्या घालत आलो होतो. त्या दिवशी मात्र तबलजी मिळाल्यासारखं वाटलं. मी मशीनपुढे उभा राहिलो आणि परीक्षेसाठी आणलेलं पुस्तक उघडलं. पुस्तकात क्रियापदं वर्णमालेनुसार लावलेली होती. ढग-ढगवर क्रियापद टाकलं की धाडवर प्रिपोझिशन आपसूक पडायचं. ॲग्री... विथ. ॲरायव्ह... ॲट. आस्क... फॉर. बिलीव्ह... इन. बिलॉन्ग... टू. कपडे पिळून होईपर्यंत मी 'सी' अक्षराच्या पार गेलो होतो.

"अहो, मशीन बंद झालंय, आता बाजूला व्हा," बायको म्हणाली.

"दुसरे कपडे टाक."

"दुसरे नाहीत."

"मग हेच पुन्हा टाक."

इथून पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले अत्यंत उत्साहाचे दिवस होते. ऑफिसातून आलो की मी बूट काढायच्या आधी मशीन लावत असे. धुतलेले कपडे पुन्हा धुतले, पडदे धुतले, गाद्यांच्या खोळी धुतल्या. माझ्या एका निळ्या शर्टाचा रंग आधी फिका झाला, मग गेला, आणि 'एम'च्या आसपास शर्टच गेला. पण मी 'ऑब्जेक्ट टू', 'पे फॉर' करत पुढे सरकत होतो. पुतळ्यासारखं उभं राहून जमेना, म्हणून पावलंही टाकू लागलो. दोन पावलं पुढे, धाडला गिरकी. बायकोने एकदा दारातून बघितलं आणि काही न बोलता दार ओढून घेतलं. आमच्या संसारात याला पाठिंबा म्हणतात.

पिंट्या रोज यायचा. पलीकडच्या खोलीत बसून टोस्ट खायचा, मोबाईल बघायचा. पुस्तक त्याने उघडलेलं मी तरी पाहिलं नाही. एकदा मुद्दाम खोडी काढावी म्हणून मी विचारलं, "काय पिंट्या, प्रिव्हेंट?"

तो टोस्टसकट उठला. "फ्रॉम, भावोजी."

"सक्सीड?"

"इन."

"हे कधी केलंस पाठ?"

"केलं नाही हो. भिंतीतून ऐकून ऐकून झालं आपोआप," तो म्हणाला, आणि ते म्हणताना ओशाळला. तेवढं ओशाळणंही मला सहन झालं नाही. मी घाम गाळायचा, कपडे झिजवायचे, आणि ज्ञान भिंतीतून पाझरून भलत्याच्याच डोक्यात जायचं.

माझं ज्ञान मात्र एका विचित्र पद्धतीने साठत होतं. तेराच्या पाढ्यातला मधलाच आकडा कुणी विचारला की आपण तेरा एके तेरापासून सुरुवात करतो ना, तसं. मला 'इन्सिस्ट' विचारलं की ॲग्रीपासून निघावं लागायचं. शिवाय ठेका हवा. टेबलावर स्वतःच बोटांनी ठेका धरून पाहिला, पण त्यात एक मूलभूत अडचण आहे. आपण अडलो की आपलं बोटही अडतं. मशीन अडत नाही. ते आपल्यासाठी थांबत नाही, म्हणून आपल्याला त्याच्यामागे पळावं लागतं. मशीन सुरू, तर मी इंग्रज. मशीन बंद, तर मी पुन्हा आधीचं पत्र शोधणारा कारकून.

आता मशीन इतका वेळ चालू आहे म्हटल्यावर शेजारच्या काकू दारात आल्या. "तुमचं फिरतंच आहे, तर आमच्या दोन चादरी टाका त्यात."

रिकाम्या मशीनचा ठेका जरा पोकळ येत होता, म्हणून मी आनंदाने टाकल्या. दुसऱ्या दिवशी काकूंच्या बहिणीच्या चादरी आल्या. मग गुरुजींचे सदरे आले. मग मला नाव माहीत नसलेल्या लोकांचे टॉवेल. गॅलरीत दोऱ्या वाढल्या. संध्याकाळी लोक कपडे न्यायला येत आणि जाताना म्हणत, "काय, कुठपर्यंत आलात?" मी म्हणत असे, "रिलाय ऑन." ते मान डोलवून जात.

या सुखात वीज कंपनीचा निरीक्षक येऊन उभा राहिला. आमच्या मीटरचा आकडा त्यांच्या संगणकाला खटकला होता. त्याने गॅलरी बघितली, दोऱ्या बघितल्या, आणि एक कागद काढला.

"लाँड्री कधीपासून चालवता?"

"लाँड्री नाही. इंग्रजी शिकतोय."

"ते ठीक आहे. पण कपडे कुणाचे?"

"शेजाऱ्यांचे."

"म्हणजे शेजाऱ्यांचे कपडे तुम्ही धुता."

"धूत नाही. ते धुतले जातात. माझा त्यात हेतू नाही."

निरीक्षकाने पेन काढून लिहायला सुरुवात केली. तेवढ्यात काकू आल्या आणि म्हणाल्या, "चादरी झाल्या का? आणि हो, मला ते प्रिव्हेंटच्या पुढचं पाठ झालं बरं का." निरीक्षकाने पेन थांबवलं. "शिकवणीही घेता?" लाँड्रीचा दर व्यापारी आणि शिकवणीचाही व्यापारी, असं त्याने मला समजावून सांगितलं, फक्त कागद वेगळे. वजनमापांच्या खात्यातला माणूस म्हणून आजवर मी अशा चेहऱ्यांच्या दुसऱ्या बाजूला उभा असायचो. त्या दिवशी दुकानदारांविषयी मला प्रथमच जिव्हाळा वाटला.

शेवटी बायकोने त्याला चहा दिला आणि कुणाकडून एक पैसाही घेत नाही, असं शपथेवर सांगितलं. तो मशीनपाशी थोडा वेळ उभा राहिला, ढग-ढग-धाड ऐकलं, आणि जाताना म्हणाला, "या वेळी सोडतो. पण मशीन डुगडुगतंय, त्याने वीजही जास्त खातं. दुरुस्त करून घ्या."

बायकोने हे वाक्य तेवढं नेमकं ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना तिने मेकॅनिकला बोलावलं. त्याने तोकड्या पायाखाली रबराची जाड चकती बसवली, चारी पाय समपातळीत आणले, आणि अर्ध्या चहात निघून गेला.

संध्याकाळी मी बूट न काढता मशीन लावलं. पाणी भरलं, कपडे घुसळले, पिळायची वेळ आली, मी पवित्रा घेतला. आणि मशीनमधून एक बारीक, सभ्य, अखंड 'सूं' असा आवाज आला. मी 'ॲग्री' म्हणालो आणि वाट बघत राहिलो. धाड झालंच नाही. मला विथ आठवेना.

"किती शांत झालंय ना?" बायको म्हणाली.

मी खाली बसलो. परीक्षा पुढच्या आठवड्यात होती, आणि माझं सगळं इंग्रजी एका रबराच्या चकतीखाली दाबलं गेलं होतं.

मेकॅनिकला फोन केला. "अहो, ते पुन्हा बिघडवून द्या."

"काय म्हणालात?"

"होतं तसं करून द्या. वर मेहनतीचं देईन."

त्याचा अपमान झाला. आपल्या सगळ्या कारकिर्दीत असं कुणी बोललं नव्हतं, असं म्हणून त्याने फोन ठेवला. मग मीच पाना घेतला. परीक्षेच्या आदल्या रविवारी बायको बाजारात गेल्याची संधी साधून मी चकती काढली. पण जुना ठेका येईना. एक पाय सैल केला, तर नुसतंच ढग-ढग. दुसरा सैल केला, तर धाड-धाड. तिसरा जरा ढिला केला आणि मशीन सुरू केलं, आणि काय सांगू, अंगावर काटा आला. ढग-ढग-धाड. अगदी तोच, किंबहुना पूर्वीपेक्षा दमदार. मी डोळे मिटले आणि सुटलो. ॲग्री विथ, ॲरायव्ह ॲट...

डोळे मिटल्यामुळे मला एक गोष्ट दिसली नाही. तीन पाय सैल झालेलं मशीन चालू लागलं होतं. दर धाडला वीतभर पुढे. ते पॅसेजमधून तसंच डुलत गेलं आणि बाथरूमच्या दाराला जाऊन भिडलं. बाथरूममध्ये पिंट्या होता. त्यांच्याकडे पाणी गेलं होतं, म्हणून तो आंघोळीला आला होता.

"भावोजी," आतून आवाज आला, "दार उघडत नाहीये."

मी तेव्हा 'डिपेंड ऑन'ला होतो. इतक्या दिवसांनी हरवलेला ठेका सापडलेला, तो सोडणार कसा? मी हाताने थांब म्हणून खूण केली. बंद दाराला खूण दिसत नाही, हे नंतर लक्षात आलं.

"भावोजी, बटण बंद करा ना."

"इन्सिस्ट ऑन," मी म्हणालो.

मग त्याने दार वाजवायला सुरुवात केली. आधी बेताल. पण मशीन दारालाच टेकलेलं, त्यामुळे त्याची मूठही हळूहळू मशीनच्या नादाला लागली. आत पिंट्या, मधे मशीन, बाहेर मी, सगळे एका तालात. गुरुजी खालून वर आले, काकू आल्या, आणि 'वेट फॉर' येईपर्यंत कुणी मधे बोललं नाही. अशी एकाग्रता मी शाळेतही पाहिलेली नाही. नेमका तेव्हाच मशीनच्या पोटातून रबर जळल्याचा वास आला, एक मोठी उचकी लागली, आणि ते कायमचं थांबलं. पण पिंट्या वाजवतच होता, ढग-ढग-धाड, आणि माझ्या तोंडून नकळत पुन्हा निघालं, "ॲग्री विथ, ॲरायव्ह ॲट..."

दारावरची मूठ थांबली. मीही थांबलो.

"असं आहे होय," पिंट्या आतून हळूच म्हणाला.

गुरुजींनी आणि मी मशीन ओढून बाजूला केलं. तेवढ्यात बायको भाजीची पिशवी घेऊन आली. तिने मेलेलं मशीन पाहिलं, हातात पाना घेतलेला नवरा पाहिला, टॉवेलवर उभा असलेला आणि मला बघून आणखी ताठ उभा राहिलेला भाऊ पाहिला. ती काही बोलली नाही. या वेळी तो पाठिंबा नव्हता.

परीक्षा एका शाळेत होती. बाकं मुलांच्या मापाची, गुडघे हनुवटीला लागत होते. पिंट्याचा नंबर माझ्या बरोबर मागे. पर्यवेक्षिका म्हणून नाकावर चष्मा आणि हातात किल्ल्यांचा जुडगा घेतलेल्या एक बाई होत्या. उतारा सोडवला. पत्र तर डोळे मिटून लिहिलं. मग गाळलेल्या जागा आल्या. पहिलंच क्रियापद 'इन्सिस्ट'.

मी ॲग्रीपासून निघायचा प्रयत्न केला. शांतता. पंखासुद्धा नवीन, नुसता सूं. मी बाकावर बोट आपटलं, बोट अडलं. कपाळाला घाम आला. मला माझी निवृत्तीपर्यंतची सगळी वर्षं एका रांगेत दिसली, आणि प्रत्येक वर्षात मी फाईल घेऊन उभा होतो.

आणि मागून, बाकाच्या लोखंडी पायावर, बुटाच्या टोकाने कुणीतरी अगदी हलकेच सुरू केलं. ढग-ढग-धाड.

आधी वाटलं माझंच काळीज. मग कळलं, पिंट्या.

इथे एक खुलासा करतो, कारण वजनमापांच्या खात्यात काम केलं की माणूस अशा बाबतीत काटेकोर होतो. याला कॉपी म्हणता येणार नाही. त्याने मला एकही उत्तर सांगितलं नाही. गायकाला तबला लागतो म्हणून तबलजीने गाणं म्हटलं असं होत नाही. मी ओठांत सुटलो. इन्सिस्ट ऑन. लिहिलं. मग पुन्हा ॲग्रीपासून, बिलॉन्ग टू. पुन्हा ॲग्रीपासून, प्रिव्हेंट फ्रॉम. तो माझ्यामागे नाही, मी त्याच्यामागे पळत होतो. मला इतका जोर चढला की पायही हलू लागले.

"पाय कुणाचा वाजतोय?" बाई म्हणाल्या.

मागे बाक करकरला. "माझा, मॅडम. सवय आहे."

"बाप्या माणसाला शोभतं का? पुढे या. माझ्या समोर बसा."

पिंट्या पेपर उचलून पुढे गेला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्या थोड्या जागा उरल्या होत्या. पुन्हा शांतता. पंखा सूं. मी पेन खाली ठेवलं.

मग पुढच्या बाकावरून खोकला आला. खो-खो-खॉक. बाईंनी पाहिलं. खो-खो-खॉक. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याने प्यायलं, आभार मानले, आणि पुन्हा तोच खोकला, त्याच मापाचा. बाई म्हणाल्या, बरं नसेल तर बाहेर जा. तो म्हणाला, पेपर पुरा करून जातो. आणि खोकत राहिला, चेहरा लाल होईपर्यंत, शिरा ताठ होईपर्यंत. मी लिहीत राहिलो. शेवटच्या जागेपाशी पोचलो, क्रियापद होतं 'वेट'. पार शेवटचं. मी ॲग्रीपासून निघालो, 'टी'पर्यंत आलो, आणि घंटा झाली. बाईंनी पेपर ओढून घेतला. वेटच्या मागे काय येतं हे इमारतीतल्या काकूंनाही माहीत आहे. मला माझ्या रस्त्याने तिथे पोचायला तेवढा वेळ मिळाला नाही.

निकाल लागला. पिंट्या एका गुणाने पुढे.

त्या संध्याकाळी तो घरी आला. मी खोलीत गेलो, तो उठला. घसा बसलेला होता, आवाज फुटत नव्हता. "भावोजी, मी जागा नाकारतो. उद्याच लिहून देतो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. नवीन मशीनचा विषय निघाला होता त्या दिवशीही तिने इतकं रोखून पाहिलं नव्हतं.

"नाकारायचं नाही," मी म्हणालो. "काट्याने मोजलं आहे. काटा जे दाखवतो ते दाखवतो."

हे बोलून मी स्वतःवर खूश झालो आणि आत जाऊन आरशापुढे 'साहेब' म्हणायचा सराव केला. पहिल्यांदा 'सा'वरच अडकलो. ठेका नव्हता.

पहिल्या दिवशी फाईल घेऊन केबिनच्या दाराशी उभा राहिलो. कॉलर सरळ केली, तोंडात शब्द तयार ठेवला आणि दार ढकललं. पिंट्या फोनवर होता. मला पाहताच तो ताडकन उठला. खुर्ची मागे जाऊन भिंतीवर आपटली.

"बसा, साहेब," मी म्हणालो.

"असं म्हणू नका, भावोजी. ताई जीव घेईल माझा."

"मग निदान उठू तरी नका. लोक बघतात."

"होत नाही हो. पाय आपोआप उठतात."

मी फाईल ठेवली आणि बाहेर आलो. तो मी दिसेनासा होईपर्यंत उभाच होता. पूर्वी तो पिंपापाशी, कारकुनांच्या गर्दीत उठायचा. आता कक्षप्रमुख उठत होता, खुर्चीसकट, काचेच्या केबिनमध्ये, सगळ्या ऑफिसला दिसेल असा. हा फरक माझ्या लक्षात यायला जेवणाची सुट्टी उजाडावी लागली. त्यानंतर मात्र माझ्या कामात विलक्षण चपळाई आली. एका फाईलची सही एका खेपेत घेण्याऐवजी मी पानागणिक आत जाऊ लागलो.

मागच्या महिन्यात मुख्य कार्यालयातून मोठे साहेब आले. केबिनमध्ये बैठक चालू होती. बाहेर माझ्या टेबलावरच्या टाचण्या संपल्या. खरं म्हणजे शिपायाला सांगता आलं असतं. मी दार ढकललं. पिंट्या उठला. तो उठला म्हणून मोठ्या साहेबांबरोबर आलेले दोघे उठले, आणि सगळे उठले म्हणून मोठे साहेबही अर्धवट उठले. कुणीतरी फार वरचं माणूस आलं असावं, अशा बेताने त्यांनी कोटाचं बटण लावलं आणि पिंट्याला हळूच विचारलं, "हे कोण?"

"भावोजी," पिंट्या म्हणाला.

मोठ्या साहेबांचा चेहरा पालटला. त्यांनाही कुठेतरी एखादे भावोजी असावेत. अर्धवट उठलेले ते आता पुरते ताठ उभे राहिले.

"बसा, बसा," मी हाताने खूण करत सगळ्यांना म्हणालो. "मी नुसता टाचण्या न्यायला आलोय."